जिन म्हणजे खोगीर, साहेब!

वर बघा. मोबाईल नको, मान वर करा. रावपुऱ्यातल्या एका जुन्या सरकारी इमारतीच्या कपाळावर दगडात कोरलेलं राजचिन्ह दिसतंय? त्यातला घोडेस्वार तो मी. हातात उपसलेली तलवार, खाली घोडा, आणि घोड्याच्या खुरांखाली दगडी फितीवर चार शब्द : जिन घर जिन तख्त.

चारच शब्द. शंभराहून जास्त वर्षं झाली, तेवढे नीट वाचायला बडोद्याला सवड मिळालेली नाही.

मला घडवणाऱ्या पाथरवटाचं नाव या इमारतीवर कुठेही नाही. कोनशिला बसवणाऱ्यांचं आहे, रंग देणाऱ्या ठेकेदाराचंही आहे. पाथरवट बिचारा जन्मात घोड्यावर बसलेला नव्हता. म्हणून त्यानं दांडिया बाजारातल्या एका जीनगराकडून खरंखुरं खोगीर मागून आणलं, आठ दिवस समोर ठेवलं आणि टाके मोजून दगडात उतरवले. माझ्या खोगिराच्या काठाला म्हणूनच दुहेरी शिवण आहे : एक टाका सरळ, एक तिरका.

जिन म्हणजे खोगीर. खोगीर हेच घर, खोगीर हेच तख्त. जे काही आहे ते घोड्याच्या पाठीवर. खाली उतरून लोळायला लागलात की संपलात. असं वाक्य कपाळावर घेऊन उभ्या असलेल्या इमारतीत पुढे जी माणसं बसायला आली, ती खुर्चीतून फक्त चहाला उठली.

खालून जाणाऱ्यांचं काय सांगू? एका बापानं पोराला सांगितलं, इथे जिन राहतो, भूत. कॉलेजच्या दोन मुलींनी इथे जीन्सचं दुकान शोधलं. बाकीच्यांनी माझ्याखालच्या भिंतीवर पिचकाऱ्या मारल्या. कबुतरांना मी दोष देत नाही, त्यांना वाचता येत नाही.

एक माणूस मात्र मला वाचायचा. बळवंतराव जीनगर. पाथरवटाला खोगीर देणाऱ्या जीनगराचे पणतू. घोडे गेले, लोक स्कूटरवर आले, तसं हे घर खोगिरांवरून स्कूटरच्या सीटवर आलं. चाळीस वर्षं बळवंतराव माझ्याखालच्या फुटपाथवर मशीन मांडून सीट शिवत होते. गिऱ्हाईक आलं की सुई वर करून दाखवायचे, "तो घोडा बघा. त्याचं जिन आमच्या पणजोबांचं. तो टाका बघा आणि हा बघा."

गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, उतावळ छे. जल्दी करो ने."

मग इमारतीचं सुशोभन निघालं. मला धुवायचं, खाली अर्थ सांगणारी पाटी लावायची, फुटपाथ मोकळा करायचा. अर्थ सांगायला सल्लागार आणले हेरंबराव. यांचे पणजोबा संस्थानात मोठे विद्वान अधिकारी होते म्हणे. पणतू मराठी फक्त आईशी बोलतात, तेही जेवायला वाढ म्हणण्यापुरतं. त्यांनी रस्त्यावरूनच मोबाईलमध्ये मला मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "सिंपल आहे, सर. जिन का घर, उन का तख्त. ज्याचं घर, त्याची सत्ता."

या इमारतीतले मोठे साहेब खूश. खुर्चीतल्या माणसाला दुसरा कुठला अर्थ आवडणार? "वाह! जेनुं घर, एनुं तख्त! मोटा अक्षरे लखो!"

बळवंतराव उठले. "साहेब, जिन म्हणजे खोगीर."

"शुं?"

"खोगीर. घोड्यावरची सीट."

सगळे हसले. हेरंबराव म्हणाले, "काका, ते जीन दीर्घ. इथे जि ऱ्हस्व आहे. नीट वाचा."

"ऱ्हस्वदीर्घाचं त्या पाथरवटाला विचारा. माझं आडनावच जीनगर आहे, भाऊ. तुम्ही मला जिन शिकवता? घोड्याच्या पाठीवर शिवण कोरलीय, ती बघा. धुवायला शिडी लावलेलीच आहे. चढा की."

हेरंबरावांनी शिडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "सर, इथे एक्स्पर्ट कोण आहे?"

साहेबांनी तिढा सोडवला. "काका, तमे ज वांचो ने. जेनुं घर, एनुं तख्त. आ घर कोनुं? सरकारनुं. चालो, जग्या खाली करो."

माझ्याच शब्दांनी त्यांना उठवलं. तेही चुकीच्या अर्थानं. शंभर वर्षं मी तलवार उगारून बसलोय, ती एक इंचही खाली आली नाही, याची त्या दुपारी मला पहिल्यांदा लाज वाटली.

बळवंतराव भांडले नाहीत. रेक्झिनच्या गुंडाळ्या, डबा, मशीन, सगळं स्कूटरवर बांधलं. मग अडुसष्टाव्या वर्षी तेच शिडी चढून वर आले. खिशातला दाभण काढून माझ्या खोगिराच्या शिवणीतला मळ टोकरला, तिच्यावरून अंगठा फिरवला. पाथरवटानंतर त्या शिवणीला हात लावणारा हा पहिला माणूस.

"सरळ एक, तिरका एक," ते पुटपुटले. "बरोबर आहे." उतरले, सीटवर बसले आणि गेले.

पाटीचं अनावरण थाटात झालं. पिढ्यान्‌पिढ्यांची शिलेदारी सांगणारे उदयसिंहराव फेटा बांधून, गाडीतून आले. ड्रायव्हरनं दार उघडेपर्यंत आतच बसले होते. 'ज्याचं घर, त्याची सत्ता' असं मोठ्यानं वाचून टाळ्याही त्यांनीच पहिल्या वाजवल्या. यांचे पूर्वज म्हणे मोहिमेत खाली न उतरता घोड्यावरच कणसं खायचे!

आता मला सोनेरी ऑइलपेंट फासलाय. घोडा मिठाईच्या खोक्यावरच्या चित्रासारखा चमकतो. शिवण रंगानं बुजली. बळवंतरावांच्या जागी प्लास्टिकच्या झाडाची कुंडी ठेवलीय. फाटक्या सीटवाले येतात, कुंडीकडे बघतात आणि जातात.

परवा त्यातलाच एक कुंडीशेजारी थांबून फोनवर सांगत होता, "अरे, ते काका मांजलपूरला असतात आता. पक्की जागा नाही. आज या सोसायटीपाशी, उद्या त्या. स्कूटरवरच मशीन, स्कूटरवरच जेवण, दुपारी सीटवरच आडवे होतात."

ऐकलंत? माझ्या फितीवरचे चार शब्द पाळणारा या शहरात एकच माणूस निघाला, आणि त्याला त्याच चार शब्दांनी हाकललं.

तेव्हा माझ्याखाली सेल्फी काढू नका. पाटी तर वाचूच नका. सीट फाटली असेल तर मांजलपूरला जा, आणि काका शिवत असताना घाई न करता टाका बघा. एक सरळ, एक तिरका. माझ्यावरचा आता दिसत नाही.