नारिंगी फिती

हेल्मी कोस्कीने बाण सोडला तेव्हा सकाळचे सात वाजून पन्नास मिनिटं झाली होती. की बाण आपोआप सुटला? तिला स्वतःलाच ते सांगता येत नव्हतं.

मचाण मेपलच्या झाडाला बारा फुटांवर बांधलेलं होतं. धुकं दाट होतं, तीस पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. हरणाची मादी पंधरा पावलांवर आली आणि आडवी उभी राहिली. हेल्मीने तिच्या पुढच्या पायामागची एक सुरकुती नजरेत पकडली, वडिलांनी केलेलं हिकरीच्या लाकडाचं धनुष्य उचललं आणि दोरी ओढली. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं, एक श्वास थांबायचं, मग सोडायचं, ही तिची चाळीस वर्षांची सवय. आज बोट ओठापर्यंत पोचलं का, हे तिला आठवेना. दोरीचा आवाज तिने ऐकला तो कुणी दुसऱ्यानेच बाण मारल्यासारखा.

मादी उसळली आणि दोन झेपांत धुक्यात गेली. पडल्याचा आवाज आला नाही.

अर्ध्या तासाने हेल्मी खाली उतरली. बाण आरपार जाऊन शेवाळात रुतला होता. बाणाच्या मागच्या टोकाच्या टर्कीच्या पिसांना लागलेलं रक्त काळपट होतं. रक्त लालभडक आणि फेसाळ असलं तर बाण फुप्फुसात लागलेला असतो, हरीण शंभर पावलांच्या आत मिळतं. काळपट म्हणजे यकृत. हरीण मरतं, पण दोन-तीन तासांनी, आणि तेवढ्यात मागे लागलं तर मैलभर पळतं. यकृत फुप्फुसाच्या वीतभर मागे असतं. म्हणजे तिने धरलेल्या जागेपासून बाण वीतभर मागे गेला होता.

ती कॅम्पवर परतली. कॅम्प म्हणजे सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, रानात, तिच्या आजोबांनी ओंडक्यांचं बांधलेलं खोपट. तिचा भाऊ ऑनी शेगडीपाशी वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खात होता. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान, टपालाची गाडी चालवतो. स्वतः बंदूकवाला. धनुष्याला तो ‘काठी-दोरी’ म्हणतो.

“लागलं?”

“लागलं. यकृतात.”

ऑनी पाव चावायचा थांबला.

“बोल की,” हेल्मी म्हणाली. “तोंडात पाव आहे म्हणून गप्प बसू नकोस.”

“पाव नाही गं, दया आहे. बऱ्याच वर्षांनी आलीय, गिळता येत नाही.”

ती हसली नाही. धनुष्य टेबलावर ठेवून म्हणाली, “हे हरीण सापडलं नाही तर धनुष्य बाबांच्या खुंटीला. कायमचं. तुझ्यासमोर सांगतेय.”

“बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही त्याला. आणि तू खुंटीला टांगणार?”

“लोकांची पोरं रोज शाळेत नेते-आणते मी. एकवीस वर्षं. बसचा ब्रेक कधी दाबायचा ते माझा पाय ठरवतो, आणि माझं ऐकून ठरवतो. ही तीन बोटं माझं ऐकत नाहीत, ऑनी. न ऐकणाऱ्या हातात धनुष्य कशाला?”

ऑनीने हातातला पाव खाली ठेवला. त्याने तिच्यासमोर कॉफी ठेवली.

बोटं बिघडली ती मागच्या ऑक्टोबरात. त्या दिवशीही मचाण हेच होतं. मादी सरळ तिच्याकडे तोंड करून येत होती. समोरून आलेल्या हरणावर आमच्याकडे कुणी बाण सोडत नाही. छातीचं हाड आड येतं, बाण घसरतो आणि जनावर नुसतं जखमी होतं. वळेपर्यंत थांबायचं, नाही वळलं तर जाऊ द्यायचं. हेल्मीने ते कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण मादी समोर असतानाच तिची बोटं उघडली. बाण बरगडीवरून घसरून कुशीत गेला. रक्ताचा पहिला थेंब सीडरच्या झाडांच्या दलदलीच्या काठावर मिळाला. ती आणि कॅम्पवरचे चार पुरुष त्या मागावर दलदलीत उतरले. प्रत्येक थेंबाशी हेल्मीने फांदीला नारिंगी फीत बांधली. चौदाव्या फितीपाशी रक्त संपलं. हेल्मीच्या मनात होतं की मादी उजवीकडे, चढावर गेली असावी. चौघे म्हणाले, जखमी हरीण पाण्याकडे जातं. ते ओढ्याकडे गेले, हेल्मीही गेली. दोन दिवस ओढा पालथा घातला, मादी मिळाली नाही. आमच्या कॅम्पचा नियम असा की हरीण मिळालं तर परत येताना फिती काढायच्या. नाही मिळालं तर त्या तशाच राहतात, कुणी हात लावत नाही.

त्यानंतर हेल्मीला दोरी ओढून धरता येईना. उन्हाळाभर ती घराच्या मागे गवताच्या भाऱ्यावर सराव करत होती. बोटं ओठाला पोचण्याआधीच उघडायची. ऑनी म्हणाला होता, “सोडू नकोस, नुसती धरून दाखव.” तिला तेही जमलं नव्हतं.

दोघं साडेदहाला निघाले. धुकं उठलं नव्हतं. ऑनीच्या हातात काठी, हेल्मीच्या हातात धनुष्य आणि खिशात फितीची गुंडाळी. बाण सापडला तिथे पहिली फीत बांधली. पुढे थेंब तुरळक होते, पण होते: शेवाळावर एक, वाळक्या नेच्यावर दोन, आडव्या पडलेल्या बर्चच्या खोडावर बोटाएवढा फराटा. ऑनी जवळजवळ रांगत चालला होता. हेल्मी मागून फिती बांधत होती. पाऊण तासात सहा फिती झाल्या.

जमीन उतरू लागली, मेपल संपले, सीडर सुरू झाले. दलदलीच्या काठावर ऑनी म्हणाला, “इथे आहे बघ. मोठा थेंब.”

हेल्मीने फीत फाडली आणि फांदी शोधायला हात वर केला. फांदीला फीत आधीच होती.

रंग उडून ती फिकी झाली होती, टोकाला शेवाळ चढलं होतं. गाठ हेल्मीची होती. ती डावखुरी आहे, तिची गाठ उलटी बसते. फितीच्या बरोब्बर खाली, काळ्या मातीवर, ओला थेंब होता.

“गेल्या वर्षीची,” ती म्हणाली.

“हं. हरणांची वाट आहे ही. तुझी बस नाही का रोज त्याच रस्त्याने जात?”

“थांबेसुद्धा तेच?”

ऑनी वाकून पुढे सरकला. बारा पावलांवर पुढचा थेंब मिळाला. त्याच्यावर जुनी फीत होती. मग तिसरा, तोही फितीखाली. कुठे अंतर बारा पावलं, कुठे तीस. जिथे फीत तिथे रक्त, आणि मधल्या जागेत काही नाही. पाचव्या फितीनंतर हेल्मीने जमिनीकडे बघणं सोडलं. ती फीत शोधायची आणि म्हणायची, “तिथे बघ.” ऑनी जाऊन वाकायचा आणि म्हणायचा, “आहे.”

दलदलीत एरवी खारी माणसावर ओरडत असतात. आज एकही ओरडली नाही. शेवाळातून बूट काढतानाचा चुळुक आवाज तेवढा होता, आणि तो थांबला की काहीच नव्हतं.

“हेल्मी.”

“काय?”

“काही नाही. आहेस ना मागे, एवढंच बघितलं.”

“घाबरलास?”

“मी? छे. पँट ओली झाली ती दलदलीने.”

नवव्या फितीपाशी हेल्मीला एक मादी दिसली. उजवीकडे, धुक्याच्या कडेला, सीडरच्या दोन खोडांमध्ये ती उभी होती. तोंड सरळ यांच्याकडे. कान पुढे. हेल्मीने ऑनीच्या पाठीला हात लावला. तो सरळ होऊन बघेपर्यंत तिथे नुसती दोन खोडं होती. ती वळून गेली असती तर पांढरं शेपूट दिसलं असतं. ते दिसलं नाही.

बाराव्या फितीपाशी ती पुन्हा दिसली. या वेळी दोघांनाही. तशीच समोरून.

“आपलीच आहे,” ऑनी कुजबुजला. “अजून मेली नाही. मागे सरक, पळवशील तिला.”

दोघं वीस मिनिटं न हलता थांबले. मादीही हलली नाही. मग धुक्याचा एक लोट मधून गेला, आणि तो सरला तेव्हा ती नव्हती.

चौदाव्या फितीखाली रक्त होतं. पुढे काही नव्हतं. ऑनीने पंचवीस पावलांचा घेर गुडघ्यांवर पालथा घातला आणि उठून माती झटकली.

“ओढ्याकडे,” तो म्हणाला.

हेल्मी उजवीकडच्या चढाकडे बघत होती.

“ऐक जरा, यकृतात लागलं की तहान लागते. सगळं जग सांगतं.”

“गेल्या वर्षी सगळ्या जगाचं ऐकलं होतं मी.”

“मग काय, या फितींचं ऐकणार?”

“फिती संपल्या. आता मी माझंच ऐकणार. तू ओढ्याकडे जा हवं तर.”

ऑनीने ओढ्याच्या बाजूच्या धुक्याकडे पाहिलं. “एकटा नको,” तो म्हणाला. “म्हणजे, तू एकटी नको.”

चढावर चाळीस पावलं रक्त मिळालं नाही. एक्केचाळिसाव्याला एका दगडावर नखाएवढा काळा डाग होता. हेल्मीने शेजारच्या रोपट्याला नवी फीत बांधली. तिचा हात स्थिर होता, हे ऑनीने नंतर सांगितलं. तिच्या ते लक्षात आलं नाही. आणखी तीस पावलांवर, उन्मळलेल्या स्प्रूसच्या झाडाच्या मुळांआड, मादी मरून पडली होती.

ऑनीने टोपी हवेत फेकली. “सापडली! बघ! खुंटीला आता माझी टोपी टांग!”

हेल्मी गुडघ्यावर बसली. तिने मादीच्या डोळ्याला धनुष्याचं टोक लावून पाहिलं, पापणी हलली नाही. जबडा दाबला, तो ताठ होऊ लागला होता. तिने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा.

“ऑनी, ही दोन तासांपूर्वी मेलीय.”

“मग?”

“आपण तिला अर्ध्या तासापूर्वी उभी पाहिली.”

ऑनीने टोपी उचलली आणि हातातच धरून ठेवली. “दुसरी असेल. बहीण असेल, आई असेल. माद्या एकट्या नाही राहत, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

तिने जखम पाहिली. सुरकुतीपासून वीतभर मागे. तिने बोटांनी ते अंतर मोजलं, दोनदा.

“सापडली ना?” ऑनी म्हणाला. “आता वीत कशाला मोजतेस? मेलीय ती, बाण तुझा आहे, मांस आपलं आहे.”

“सापडली ती माझ्या डोक्याने. बाण बोटांनीच सोडला, ऑनी. मी नाही.”

“तू आणि तुझी बोटं! वकील बघा आता दोघींना वेगवेगळे.”

तो पुढे आणखी काही बोलणार होता, पण हेल्मीच्या मागे बघत गप्प झाला.

हेल्मी उठली आणि सावकाश वळली. मादी अठरा पावलांवर उभी होती. मधे एक फांदीही नव्हती. तोंड सरळ हेल्मीकडे, पुढचे दोन्ही पाय जुळवून.

हेल्मीच्या खिशात आणखी एक हरीण मारायचा परवाना होता. भात्यातून बाण काढून तिने दोरीला लावला. मादी हलली नाही. हेल्मीने दोरी ओढली.

बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं. ते तिला स्पष्ट जाणवलं: बोटांवरच्या कातडी पट्टीचा थंडपणा, दोरीची ओढ, पंचेचाळीस पौंडांचं वजन पाठीत उतरलेलं. ती थांबली. तिने मादीची कूस शोधली. गेल्या वर्षीची मादी हीच असेल, तर डाव्या कुशीवर व्रण असणार. पण समोरून कूस दिसत नव्हती. नुसती छाती, लांब मान आणि हिच्यावर रोखलेले डोळे.

“सोड,” ऑनी दबक्या आवाजात म्हणाला. “हेल्मी, सोड ना. मार तिला.”

मादी वळत नव्हती. हेल्मीचा खांदा थरथरायला लागला. बोटं मिटलेली होती. तिने मनात सांगितलं, थांबा, आणि ती थांबली. आणखी एक श्वास. आणखी एक. नाकातून निघालेली वाफ हेल्मीला दिसत होती, ती तिची स्वतःची. समोरच्या मादीच्या नाकातून वाफ येते का हे तिने पाहिलं, पण मधे धुकं होतं, सांगता येईना.

मग तिने दोरी हळूहळू पुढे आणली, वीत-वीत करत, पूर्ण सैल होईपर्यंत. बाण दोरीवरच होता.

मादी एक पाऊल मागे गेली. वळली नाही. दुसरं पाऊल मागे. धुकं तिच्या मानेपर्यंत आलं, मग कानांपर्यंत.



“का नाही सोडलास?” ऑनीने विचारलं.

“वळली नाही.”

“तेवढ्यासाठी?”

“तेवढ्यासाठीच.” तिने डावा हात डोळ्यांसमोर धरून बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. “बघ.”

“काय बघू? बोटं आहेत.”

“हो,” ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

दोघांनी आतडी काढून मादी साफ केली, पायांना दोर बांधला आणि ओढत उतरायला लागले. नव्या फिती हेल्मीने एकेक करून सोडवल्या. चौदाव्या जुन्या फितीपाशी ऑनी म्हणाला, “याही काढून टाक. हिशेब मिटला.”

“ते हरीण सापडलेलं नाही,” हेल्मी म्हणाली.

दलदल ओलांडेपर्यंत ऑनी दोर धरून तिच्या इतका जवळून चालत होता की दोनदा त्याने तिच्या टाचेवर पाय दिला. दोन्ही वेळा तिने फक्त, “अरे, रस्ता मोठा आहे,” म्हटलं आणि पुढेच चालत राहिली. मादी कॅम्पमागच्या आडव्या वाशाला टांगून झाल्यावर तिने हात धुतले, बाण पुसून भात्यात ठेवला आणि बूट पुन्हा बांधायला घेतले.

“आता कुठे?”

“मचाणावर. उजेड अजून अडीच तास आहे.”

“धुक्यात? आज? एवढं सगळं बघून?”

“तू ये हवं तर. खाली बसून टोपी सांभाळ.”

ऑनीने शेगडीत लाकूड सारलं. चार वाजायला दहा मिनिटं असताना हेल्मी एकटी बारा फूट चढली, धनुष्य दोराने वर ओढून घेतलं आणि बाण दोरीला लावून बसली. समोर तीस पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. काही आलं तर ते वळेपर्यंत ती थांबणार होती.