रामेश्वरासाठी ठेवलेला गडू

महाराष्ट्र राज्य झालं त्याच उन्हाळ्यात नारायणराव आणि केसरबाई काशीला जाऊन आले. येताना गंगेचा गडू आणला, तोंडाला डाग देऊन बंद केलेला. ते पाणी रामेश्वराच्या पिंडीवर पडलं की मग यात्रा पुरी. तेव्हापासून तो गडू अमडापूरच्या त्यांच्या देवघरात वाट बघत बसला होता.

यंदा वांगी बरी झाली, रामेश्वराच्या वाटखर्चाची सोय झाली. मळा भाच्यावर सोपवायचं ठरलं, म्हैस व्याह्यांकडे. दशम्यांचं पीठ दळता दळता केसरबाई गात होती,

"चारी अंगानं पाणी, मधी देवाचं बेट
माझ्या गडूची गंगा घेईन त्याची भेट."

जातं थांबवून तिनं विचारलं, "समुद्र म्हंजे पैनगंगेच्या पुरावानी असते का हो?"

"पुराले पल्याडचा काठ असते. याले नाई."

"मंग नजर टेकते कुठं?"

नारायणराव हसले. "तेच पाह्याले जाऊन राह्यलो ना आपण."

निघायच्या आदल्या सकाळी शेजारची कोकिळा धावत आली. पदराचं भान नव्हतं.

"मावशी, मामंजीले घरघर लागली. तोंडात घालाले गंगा दे वं!"

केसरबाईनं गडू पदराखाली घेतला, जसं कोणी लेकरूच मागायला आलं. "रुखमाबाईकडं असंन गंगा, तिथं पाह्य ना बाई."

"त्यांची कवाच सरली. सारी आळी फिरून आली मी."

"आम्ही उद्या निघून राह्यलो वं..."

डाग फोडलेला गडू रामेश्वराला चालत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. पुन्हा काशी गाठावी, एवढं बळ दोघांच्या गुडघ्यांत उरलं नव्हतं. केसरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मरणाऱ्याची गंगा अडवून देवापुढं उभं तरी कसं राहायचं?

तिनं बत्ता उचलला आणि स्वतःच्या हातानं डाग फोडला.

तुळशीच्या पानावरून थेंब कोकिळेच्या सासऱ्याच्या, कडूबाच्या ओठांत गेला. त्यानं गिळला. पुन्हा तोंड उघडलं.

आठवडाभरानं कडूबा काठी टेकत त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. तो जगला, याचा राग तरी कसा करावा?

"काऊन वं केसर, गेले नाई का अजून? बेटावर जाऊन राह्यले म्हणे तुम्ही!"

सुपात दशम्या वाळून कडक झाल्या होत्या.

"गंगा मात्र लय गोड होती तुमची. उरली असंन तर ठेवजा. मले लागंन अजून."

केसरबाईनं उघड्या गडूवर वाटी पालथी घातली.

"हाव मामा," ती म्हणाली, "ठेवली आहे."