पहिला नंबर कोणाचा

सर्पालयाच्या साहेबांनी वहिनीला दहा पाट्या रंगवायला सांगितल्या. जगातले दहा सर्वांत विषारी साप, एक ते दहा नंबर, प्रत्येक काचेवर एक पाटी. दुकानांच्या पाट्या रंगवून हात बसलेल्या वहिनीला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. अडचण एवढीच की तिला सापाच्या चित्राचीसुद्धा भीती वाटायची. पण सर्पालय सांभाळायची तिची सख्खी नणंद, आणि लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. नणंदेपुढे घाबरट ठरायची तिची तयारी नव्हती.

पहिल्याच सकाळी नणंदेने, म्हणजे ताईने, तिला विष काढायच्या खोलीबाहेर, काचेपाशी उभं केलं. आत टेबलावर एक पेला, त्याच्या तोंडावर पातळ रबर ताणलेलं. ताईने लोखंडी आकड्याने पेटीतून टायपन हा ऑस्ट्रेलियातला साप उचलला. तपकिरी, पुरुषभर लांब. डोक्यामागे धरून तोंड पेल्याशी नेलं, तसे त्याने रबरात दात रुतवले. आतून दोन फिकट थेंब ओघळले. बस, एवढंच.

साप पेटीत ठेवून ताई बाहेर आली. "हा पहिला नंबर. याच्या एका चाव्यात शंभर माणसांना पुरेल एवढं विष असतं म्हणतात."

वहिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "हे ठरवतं कोण?"

"उंदीर! किती विषात निम्मे उंदीर मरतात ते प्रयोगशाळेत बघतात. जितकं कमी लागेल तितका नंबर वर. पण माणसांना विचाराल तर यादी उलटीपालटी होईल. हा बिचारा ओसाड माळावर, जमिनीच्या भेगांत राहतो. चाहूल लागली की धूम ठोकतो."

वहिनीची नजर ताईच्या उजव्या हाताकडे गेली. मधली दोन बोटं कधीच मिटत नसत. घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे, नव्या सुनेने विचारावं तरी कसं? आज तिने धीर केला. "मग ताई, हे यानेच केलं का?"

ताई खो खो हसली. "छे! चला, दाखवते."

कोपऱ्यातल्या काचेसाठी पाटीच सांगितलेली नव्हती. आत दोन वितींचं, मातीच्या रंगाचं काहीतरी पडलं होतं. ताईने हाताची सावली टाकली मात्र, त्याने वेटोळं केलं आणि अंगावर अंग घासायला लागलं. करवत चालावी तसा आवाज.

"फुरसं," ताई म्हणाली. "उंदरांच्या हिशेबात पार मागे. पण वस्तीजवळ राहतं, मातीत दिसत नाही, आणि चिडायला निमित्त लागत नाही. चावतं ते बहुतेक अशांना, ज्यांचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. मी नुसतं याचं पाणी बदलत होते, तेवढ्यात डसलं. दवाखाना रस्त्यापलीकडे, म्हणून बोटांवर निभावलं. हिरड्यांतून रक्त थांबेना, वहिनी. वाचवलं कोणी? याच्याच भाऊबंदांच्या विषाने. ते थोडं थोडं घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तातून औषध करतात."

वहिनी पाय रोवून उभी राहिली. उभ्या बाहुल्यांचे ते इवलेसे डोळे तिच्याकडे बघत होते. एवढ्याशा जिवात मारायचीही ताकद आणि तारायचीही!

दुपारी ती साहेबांकडे गेली. "नंबर नकोत, साहेब. ती उंदरांची यादी आहे."

"अहो, लोक पहिला नंबर बघायलाच येतात!"

"येऊ देत की. विष किती जहाल, स्वभाव कसा, राहतो कुठे, हे प्रत्येक पाटीवर लिहिते. पहिला कोण ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आणि पाट्या अकरा करते."

साहेबांनी बरीच कुरकुर केली, पण शेवटी मान हलवली. फुरशाच्या पाटीला वहिनीने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. काचेला नाक टेकेल इतक्या जवळ, जमिनीवर मांडी घालून ती त्याच्या अंगावरचे खवले एकेक करून पाटीवर उतरवत होती. घरी निघायची वेळ झाली तेव्हा ताईला तीनदा हाक मारावी लागली.