डोहात घातलेला हात

शनिवारी सकाळी महेश्वरीनं नेहमीप्रमाणं देवळाखालच्या डोहाचं पाणी छोट्या बाटलीत भरलं आणि बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला, प्रशिक्षण घेऊन आल्यापासून गावच्या नदीचं पाणी तपासायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. बाटलीत औषध असायचं. पाण्यात मैला मिसळलेला असला की ते दिवसभरात काळं पडायचं.

त्याच संध्याकाळी तिची पाळी आली आणि ती गोठ्याशेजारच्या खोलीत जाऊन बसली. घर लिंगायतांचं. गळ्यात इष्टलिंग असलेल्या बाईला विटाळ नाही, हे दीक्षा देताना स्वामींनी सांगितलं होतं. तरी चार दिवस तिनं घराला, पाण्याला, माणसाला शिवायचं नाही, हा रिवाज सासरे गुरुसिद्धप्पा कडक पाळत. खोलीत एक घोंगडी, एक तांब्या, वर तापलेला पत्रा.

रविवारी दुपारी तिनं दारातूनच नवऱ्याला विचारलं, "खिडकीतली बाटली बघून येता का?"

उमाशंकर बघून आला. "काळीकुट्ट झालीय."

"उद्या महाप्रसाद हाय. प्यायला, मठ्ठ्याला डोहाचंच पाणी घेतील. वरच्या आळीची गटार डोहात सोडलीय, तिचीच घाण हाय ही. मामांना सांगा, टँकर मागवा."

उमाशंकर गेला आणि खाली मान घालून परतला. गटारीचं काम गुरुसिद्धप्पांनीच पुढाकार घेऊन करवलं होतं. देवस्थानचे प्रमुखही तेच.

"बाबा म्हणत्यात, विटाळशीचा हात लागला म्हणून पाणी काळं पडलं."

"तवा मला पाळी आलीच न्हवती."

"म्या सांगितलं. त्यांना पटंना."

"मग लोकांना तुमी सांगा."

उमाशंकर निघून गेला.

सोमवारी सकाळी डोहावरची मोटार सुरू झालेली तिला ऐकू आली. गावातली लेकरं ताटल्या घेऊन देवळाकडं पळत होती. महेश्वरी उठली आणि खोलीबाहेर पडली. वाटेत बायका पदर सावरून बाजूला झाल्या. तिला कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं तर तिला शिवावं लागलं असतं.

देवळासमोर पाण्याची टाकी भरली होती. शेजारच्या पातेल्यात आचारी बजरंग मठ्ठा घुसळत होता.

"ह्या पाण्यात मैला हाय," महेश्वरी म्हणाली. "लेकरांना पाजू नगा."

"घरी जा," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "बजरंग, वाढायला घे."

बजरंगनं पहिला पेला भरायला घेतला. महेश्वरीनं कोपरापर्यंत हात आधी टाकीत बुडवला, मग मठ्ठ्यात.

बजरंग पेला टाकून मागं सरला. मग चौघांनी टाकी आडवी केली, मठ्ठा उकिरड्यावर गेला, आणि आदल्या दिवशी जो टँकर मागवायला कुणी तयार नव्हतं तो तासाभरात आला.

काठ्यांचा धाक दाखवत तिला खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. संध्याकाळी गुरुसिद्धप्पा दाराशी आले.

"घराण्याची अब्रू घालवलीस."

"घाण हाय म्हणलं तर कुणी ऐकलं न्हाय, मामा. माझा हात लागला तर लगी ओतलं."

"टाकीवर, डोहावर गोमूत्र शिंपडलंय. झालं शुद्ध. बायका पाणी न्यायला लागल्यात."

"मग म्या उद्या डोहात हात घालणार. गटार हलवेपर्यंत रोज. पाळी हाय का न्हाय, कुणाला कळणार?"

"कडी आहे दाराला," ते म्हणाले आणि गेले.

मंगळवारी तांबडं फुटताना कडी निघाली. दारात सासू चन्नम्मा होती. आपल्या उमेदीतले महिन्याचे चार-चार दिवस तिनं याच पत्र्याखाली काढले होते. आत येऊन तिनं सुनेच्या दंडाला धरलं, उघड उघड, ओट्यावर गुरुसिद्धप्पांसोबत बसलेल्या माणसांच्या देखत.

"आत्या, शिवू नगा. मामा..."

"एकटी गेलीस तर परत कोंडतील," चन्नम्मा म्हणाली. "चल."

गुरुसिद्धप्पा ओट्यावरून उठले, पण खाली उतरले नाहीत. दोघी डोहाशी पोचल्या तेव्हा तिथं बायकांच्या घागरी बुडत होत्या, आणि चार पावलं वर गटार पाण्यात पडत होती. दोघींनी एकदमच कोपरापर्यंत हात डोहात घातला.