रिळाचा खटका

घड्याळजींचे डोळे काचबिंदूनं गेले तेव्हा सगळी गल्ली हळहळली. जन्मभर लोकांच्या वेळा दुरुस्त करणाऱ्या माणसाला आता दिवस उजाडलेला कळत नाही, असं जो तो म्हणे. त्यांची बायको मात्र हळहळली नाही. तिला तेवढी सवडच नव्हती. लोकांचे कपडे शिवून घर चालवायचं, नवऱ्याचा हात धरून त्यांना न्हाणीघरात न्यायचं, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगायचं, आणि एवढं करून "डोळे माझे गेलेत, अक्कल तुझी गेलीय" हे ऐकून घ्यायचं.

दुकान विकलं त्याचं घड्याळजींना फारसं वाटलं नाही. त्यांचा जीव अडकला होता बंधाऱ्याखालच्या डोहात. तिथे एक मोठा मासा होता. त्यानं घड्याळजींच्या गळाचं नायलॉनचं तंगूस तोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण तो अजून आहे, संध्याकाळी त्याची पाठ वर येते, अशी खबर काठावरचे लोक आणून देत. मरण्याआधी तो एकदा आपल्या हाताला लागावा, याखेरीज घड्याळजींना काही नको होतं.

एका सकाळी ते म्हणाले, "अगं ए, कपाट उघड. वरच्या खणातलं रीळ काढ."

ती मशीनवरून उठली नाही. "त्याला मी हात लावायचा नाही ना?"

"आता मी सांगतोय म्हणून लाव."

रीळ फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं होतं. बशीएवढं पितळी चाक, घड्याळजींनी स्वतः कातून बनवलेलं. पूर्वी एकदा तिनं त्यावरची धूळ पुसली होती, तेव्हा त्यांनी चार माणसांत तिचा हात धरून विचारलं होतं, "ही बोटं काजं करण्यासाठी आहेत की कारभार करण्यासाठी?"

तिनं चाकाला टिचकी मारली. ते फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. आवाज म्हणून नाही.

"थांबव." वारा लागल्यासारखी घड्याळजींची मान तिकडे वळली होती. "यात गिअर नाही, ब्रेक नाही. मधे एक आस, आसावर चाक, बास. ब्रेक म्हणजे तुझा अंगठा. कडेला बारका खटका आहे, लागला हाताला? तो लावला की चाक कटकट वाजतं. एरवी तो काढलेला ठेवायचा. मासा लागला की खटका लावायचा आणि गळाची काठी माझ्या हातात द्यायची. त्याच क्षणी. तू नुसतं टाकायचंस, खेळवायचं मी. कळलं?"

"कळलं."

"शपथ घे."

"कुणाची?"

"माझी."

"घेतली," ती म्हणाली.

परसात शिकवणी सुरू झाली. समोर बादली ठेवायची आणि तंगुसाला बांधलेलं शिशाचं वजन तिच्यात टाकायचं. काठी बाजूला न्यायची, पुढे झुलवायची, आणि झुलवतानाच बोटानं चाकाला ढकलायचं. चाक फिरलं की तंगूस सुटतं आणि वजन उडतं. ते टेकण्याआधी अंगठा चाकाच्या कडेवर यायला हवा. लवकर आला तर वजन पायाशी आपटतं. उशिरा आला तर वजन थांबतं पण चाक थांबत नाही, आणि रिळावर तंगुसाचं घरटं होऊन बसतं.

तिची घरटीच होत. घड्याळजी खुर्चीत बसून नुसत्या कानानं ओळखत.

"झालं घरटं! आता अंडी तरी घाल त्यात. एरवी कधी घातली नाहीस."

ती खाली बसून गुंता सोडवी. मूल नसल्याचं बोलणं तिला नवीन नव्हतं. नवीन इतकंच की आता ते परसात, शेजारच्या खिडक्यांना ऐकू जाईल असं होत होतं.

मग एका दुपारी मशीनवर बाही जोडताना तिचं लक्ष स्वतःच्या तळहाताकडे गेलं. कापड वळवायचं असलं की ती मशीनचं चाक थांबवत असे, सुई कापडात रुतलेली असतानाच. ते ती दाबून थांबवत नव्हती. हात आधीपासून चाकाला टेकलेला असे, आणि वेग त्या हातात हळूहळू मरत असे. ती तशीच उठून परसात गेली.

टण्.

खुर्चीत डुलकी घेणारे घड्याळजी दचकले. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. पुन्हा टाक."

टण्.

"बादली जवळ ओढलीयस तू."

तिनं बादली उचलून पार कुंपणाशी नेऊन ठेवली. पुन्हा टण्. चांगलं म्हणण्याची घड्याळजींची रीत नव्हती. वाईट म्हणायचं थांबले, त्यातच समजून घ्यायचं.

नदीवर गेल्यावर मात्र त्यांना पुन्हा तोंड फुटलं, कारण तिथे ऐकायला बेकरीवाला होता. भट्टीला सुट्टी असली की तो काठावर असे.

"काय घड्याळजी, वहिनींना नोकरीवर ठेवलंत वाटतं!"

"पगार नाही, नुसतं जेवण."

"वहिनी, तरंग्याकडे बघा. नवऱ्याकडे काय बघताय?"

"बघू दे रे तिला. डोळे गेल्याचा मला हा एक फायदा झाला. मला ती दिसत नाही."

बेकरीवाला पोट धरून हसला. ती पाण्यावरच्या लाल तरंग्याकडे बघत राहिली. प्रवाह तरंग्याला ओढत होता, तरंगा चाकाला. अंगठ्यानं किंचित अडवलं की तरंगा मागे रेंगाळे आणि त्याच्याखालचं आमिष पुढे जाई, माशाच्या तोंडाशी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगठ्यालाच कळलं होतं.

त्या डोहाशी तिचाही एक हिशेब होता, आणि घड्याळजी तो विसरले होते. ज्या दिवशी त्यांचं तंगूस तुटलं, त्याच दिवशी तिची आई गेली होती. सकाळी आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला होता. "दुपारी स्कूटर घेऊन येतो, मग सोडतो तुला," असं सांगून ते नदीवर गेले ते अंधार पडल्यावर परतले. ती दारात पिशवी घेऊन बसली होती. "मासा लागला होता," ते म्हणाले. "मासा थांबत नाही. माणूस थांबतं." आई थांबली नव्हती. आणि पुढे कित्येक दिवस घरात सुतक चाललं ते माशाचं.

तो मासा लागला त्या सकाळी काठावर ही दोघंच होती. बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं आणि त्याच्या आवाजात बाकीचे आवाज बुडत होते. तरंगा डोहाच्या वळणाशी पोचला, थबकला आणि सरळ खाली गेला. तिनं काठी उचलली. पलीकडे काहीतरी जड होतं. क्षणभर ते हललंच नाही, मग चालायला लागलं.

तिचं बोट खटक्यावर गेलं.

"आज पण काही नाही ना?" मागून घड्याळजी म्हणाले. "हाताला यशच नाही तुझ्या. आईवर गेलीस. तिला तरी जन्मात काय धरून ठेवता आलं?"

तिनं बोट काढून घेतलं.

चाक फिरत होतं, मुकाट. तिनं अंगठा कडेला टेकवला. पितळ तापलं, कातडी सोलवटली. मासा डोहाच्या तळाशी गेला तेव्हा तिनं जाऊ दिलं, वळला तेव्हा गुंडाळून घेतलं.

"गप्प का गं?"

"तरंगा बघतेय."

मासा प्रवाहाला लागला. ती त्याच्यामागे काठानं चालू लागली.

"कुठे चाललीस?"

"गुंता झालाय. सोडवून येते."

"झालं घरटं!" घड्याळजी मांडीवर थाप मारून हसले. "कितीही शिकवा, पालथ्या घड्यावर पाणी!"

वळणापलीकडे, त्यांच्या कानांपासून लांब, मासा कुशीवर आला. म्हातारा होता. एका अंगाचे खवले झडलेले, ओठावर जुना पांढरा व्रण. तिनं त्याला जाळीत घेतला आणि दगडानं त्याचं डोकं ठेचलं. मग ओल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत भरला.

परतताना ती म्हणाली, "माझ्या हातात काठी आहे. पिशवी घ्या जरा खांद्याला."

"काय भरलंयस? दगड?"

"शिशाची वजनं, डबा, ओला टॉवेल."

"हमालीच तेवढी राहिली होती माझी," असं म्हणत घड्याळजींनी तो घरापर्यंत वाहून नेला.

रात्री तिनं मासा मिठात उकडून वाढला.

"बाजारातला?"

"हो. तुम्ही झोपला होतात तेव्हा आणला."

"शिळा आहे. चिखलाचा वास मारतोय. पारख नाही म्हणजे नाही तुला." तरी ते खात राहिले. मग त्यांनी तोंडातून पाठीच्या कण्याचा मणका काढला. ताटात टाकायला गेलेला हात वाटेत थांबला. केसाएवढ्या स्प्रिंगची जाडी चिमटीत ओळखणारी ती बोटं. मणका त्यांच्यात फिरत राहिला, एकदा उलटा, एकदा सुलटा.

"केवढा होता गं मासा?"

"मला काय माहीत? तुकडा घेतला मी."

"डोकं?"

"डोकं कोण विकत घेतं? गार होतंय, जेवा."

त्यांनी मणका सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुढे जेवले नाहीत. त्या रात्री ते तिला एक शब्दही टाकून बोलले नाहीत, आणि तिला शांत झोप लागली.

सकाळी त्यांनी विचारलं, "तो आहे ना गं अजून डोहात?"

"चला, बघू."

काठावर पोचल्यावर तिनं गळ कापून पिशवीत टाकला आणि नुसता तरंगा पाण्यात सोडला. घड्याळजी घडीच्या खुर्चीत बसले होते, दोन बोटं खिशात घालून. घरटं म्हणाले नाहीत, अंडी म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा रातोरात आत बसला होता. तिनं बराच वेळ तो बघून घेतला. आता बघायला तिलाच तेवढे डोळे होते.

मग तिनं खटका लावला आणि हातानं तंगूस ओढलं.

कट. कट. कटकटकटकट.

"लागला!" घड्याळजी उठले, खुर्ची कलंडली, पाय घसरून ते गुडघ्यांवर चिखलात पडले. तिथूनच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दे! दे इकडे! अगं शपथ आहे तुला, दे!"

ती दोन पावलं मागे सरकली आणि आणखी थोडं ओढलं. चाक सरसर वाजलं. त्यांची बोटं हवेत उघडत-मिटत होती. मग तिनं हात थांबवला.

"सुटला हो."

"तोच होता?"

"तोच."

"तू पाहिलास?"

"पाठ दिसली. केवढी होती!"

घड्याळजी तसेच गुडघ्यांवर राहिले, धापा टाकत. मग त्यांनी खिशातून मणका काढला आणि तो तोंडाशी आलेली माशी झटकावी तसा गवतात भिरकावला. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या येऊ ना गं आपण?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला तिची मर्जी विचारली असेल, तर ती याच वेळी पहिल्यांदा. तिनं तंगूस गुंडाळलं, रीळ फ्लॅनेलनं पुसलं. उठण्यासाठी पुढे केलेला त्यांचा हात तिनं तसाच लोंबू दिला.

"बघू," ती म्हणाली. "शिलाई पडलीय बरीच. मासा काय, थांबेल."