पिनोलेचा खोकला

उबाल्दिनाच्या घरात चिवावा जातीचं कुत्रं आलं ते दम्यावरचं औषध म्हणून. पार्राल गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोराला दमा असला की चिवावा आणायचा, रोज पोराच्या छातीशी निजवायचा, म्हणजे दमा हळूहळू पोराला सोडून कुत्र्यात उतरतो. कुत्र्याचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही. उबाल्दिनानेही विचारलं नाही, आणि एरवी ही बाई भाजीवाल्याला त्याच्या आजोबांचं गाव विचारल्याशिवाय मिरच्या घेत नसे.

पिल्लू दिलं कूकाने. कूका म्हणजे उबाल्दिनाच्या नातीची, यारेत्सीची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. तळहातावर मावेल एवढा जीव, भाजलेल्या मक्याच्या पिठाच्या रंगाचा, म्हणून त्या पिठाचंच नाव, पिनोले. कान मात्र शेजाऱ्याकडून उसने आणल्यासारखे.

"डोक्यावर जपून हात फिरव," कूका म्हणाली, "टाळू भरली नाहीये अजून. थोडं थोडं खायला घाल, उपाशी राहिला तर गळाठतो. आणि थंडीत उघडा ठेवू नकोस."

"कोमाद्रे," उबाल्दिनाने नातीच्या धर्ममातेला मानाने हाक मारली, "मी चार पोरं वाढवलीत."

"पोरं एवढी भुंकत नाहीत."

ते खरं होतं. पिनोलेला आपण केवढे आहोत हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुधाच्या ट्रकवर तो भुंके, पाद्रीबाबांवर भुंके, आणि मग धावत येऊन यारेत्सीच्या स्वेटरमध्ये शिरे. आठ वर्षांची यारेत्सी आजीजवळ राहायची, कारण तिची आई हुआरेसला कारखान्यात कामाला होती. पिनोलेने साऱ्या घरातून तिला एकटीलाच आपलं मानलं. तिच्याशिवाय कुणी उचललं की तो थरथरायचा.

दृष्ट लागू नये म्हणून उबाल्दिनाने त्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधला. सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर ती बुरिटोची, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या पोळ्यांची, पेटी घेऊन बसे, तेव्हा त्याच पट्ट्याला दोरी लावून त्याला खुर्चीला अडकवून ठेवी. गिऱ्हाईक आलं की पिनोले अंगावर झेप घेई, आणि दोरी संपली की गळ्याला हिसका बसून मागे येई. दिवसभर हेच. लोक हसत, उबाल्दिनाही हसे.

त्याच हिवाळ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यारेत्सीला दम्याचा नवा पंप दिला होता, रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा. पोरीची छाती वाजायची थांबली. पण पंपाचं कौतुक कोण करणार? पंप काही दारात कुणी आलं की शेपूट हलवत नाही.

मग पिनोले खोकायला लागला. कोरडा, खरखरीत खोकला, बदक ओरडावं तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा उबाल्दिनाच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तिने क्रुसाची खूण केली आणि कुत्र्याला उचलून त्याचे पटापट मुके घेतले.

"घेतलं! माझ्या राजाने घेतलं!"

दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं. बायका बघायला आल्या. सुताराची बायको म्हणाली, "मला नाही ऐकू आला बाई." उबाल्दिनाने पट्टा जरासा ओढला. पिनोले खोकला. बायकांनी तोंडावर हात ठेवला.

त्या दिवसापासून ते चालूच झालं. कुणी नवं गिऱ्हाईक आलं, की बुरिटो गुंडाळता गुंडाळता उबाल्दिना आपल्या नातीची गोष्ट सांगायची आणि शेवटी पट्टा ओढायची. "ऐकलंत? तो माझ्या पोरीचा दमा!" तिची छाती अशी फुगायची, जसा काही दमा तिने स्वतः दोन्ही हातांनी ओढून काढला होता.

"आजी, त्याला दुखतं," यारेत्सी म्हणायची. "डॉक्टरकडे नेऊ या ना त्याला."

"वेडी का काय! तो बरा झाला तर दमा जाईल कुठे? येईल परत तुझ्याकडेच."

"पण तो काहीच बोलू शकत नाही."

"म्हणूनच तर चिवावा आणतात," आजी म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर हसली.

यारेत्सी हसली नाही. तिने ते मनात ठेवलं.

एका रविवारी दुपारी उबाल्दिना चर्चमधून आली तर पोरगी अंगणात पायरीवर बसलेली, खांदे कानापर्यंत वर गेलेले, ओठ जांभळे. मांडीवर पिनोले. त्याच्या तोंडाला तोंड लावून ती श्वास ओढायला बघत होती, आणि श्वास आत जात नव्हता. उबाल्दिना किंचाळली. पंप शोधायला धावली, तर तो जागेवर नव्हता. शेजाऱ्याने गाडी काढली. इस्पितळात पोरीच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, सुई टोचली, आणि उबाल्दिना बाकावर बसून जेवढे संत आठवत होते तेवढ्यांची नावं घेत राहिली.

संध्याकाळी यारेत्सीला बोलता आलं.

"पंप माझ्या बुटात आहे," ती म्हणाली. "मी तो घेतच नव्हते. मी पिनोलेला सांगितलं, माझा मला परत दे. आजी, तो अजून खोकतोय का?"

पोरीने कुत्र्यासाठी जीव पणाला लावला होता, आणि उबाल्दिनाने स्वतः त्याच कुत्र्याला चार लोकांत मिरवता यावं म्हणून खोकायला लावलं होतं. तिला पोरीच्या डोळ्यांकडे बघवेना. ती पांघरूण सारखं करत राहिली, जे आधीच सारखं होतं.

यारेत्सीला घरी सोडलं त्याच दिवशी तिघंही जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगा होता. त्याने पिनोलेचा गळा दोन बोटांनी हलकेच चाचपला, तसा पिनोले खोकला.

"कधी खोकतो हा?"

उबाल्दिनाने तोंड उघडलं. उत्तर तिला पाठ होतं, किती गिऱ्हाइकांना ती सांगत आली होती. पण यारेत्सीच आधी बोलली.

"पट्टा ओढला की."

डॉक्टरने पट्टा काढला. खाली केस झडून कातडी लाल झाली होती. या जातीची श्वासनळी फार मऊ असते, तो म्हणाला, गळ्यात पट्टा बांधायचाच नाही, दोरी लावायची तर छातीवरून. वजन वाढू द्यायचं नाही, धुरात ठेवायचं नाही. खोकला पुरता जाणार नाही, पण कमी होईल. "इतके दिवस कसं लक्षात आलं नाही, सेन्योरा?"

"आलं होतं," उबाल्दिना म्हणाली. "पहिल्याच दिवशी आलं होतं. मला आनंद झाला होता." बोलताना तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. डॉक्टरने पट्टा बाजूला ठेवला. त्याने असे बरेच चिवावा पाहिले असणार.

परतताना पिनोले यारेत्सीच्या स्वेटरमध्ये होता, नुसतं डोकं बाहेर.

"आता तो बरा झाला, की दमा परत माझ्याकडे येणार?"

"नाही गं बाळा. तो त्याच्याकडे गेलाच नव्हता. तुझ्याकडेच होता, पंपाने दबला होता एवढंच. पंप घेत जा."

पुलापाशी येऊन यारेत्सी थांबली.

"म्हणजे पिनोले उगाचच खोकत होता?"

अवघ्या बाजाराला तोंडावर उत्तर देणारी बाई ती. तिने पुलाचा कठडा धरला.

"हो," ती म्हणाली. "उगाचच. मी ओढत होते म्हणून."

आणि काहीतरी करायला हवं म्हणून तिने पिनोलेकडे हात नेला, त्या उघड्या गळ्यावरून फिरवायला. हात जवळ येताच पिनोलेने हनुवटी छातीशी घट्ट दाबून धरली. यारेत्सीने ते पाहिलं. तिने त्याला दुसऱ्या कुशीला घेतलं, आजीपासून लांबच्या, आणि पुढे चालू लागली.