दिला, साहेब

आमच्या ह्यांना हरता फार छान येतं. नवऱ्याचं कौतुक करायची मला सवय नाही, माझं तोंड फटकळ आहे असं सासूबाई येईल त्याला सांगत असतात. पण खरं ते खरं. मोठ्या साहेबांशी गोल्फ खेळायचं आणि संशय येऊ न देता हरायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. कंपनीतल्या अर्ध्या लोकांच्या बढत्या कंपनीच्याच मैदानावर झाल्यात, उरलेल्या अर्ध्यांच्या तिथेच अडकल्यात. "माणूस ग्रीनवर कळतो," असं साहेब म्हणतात. ग्रीन म्हणजे होलच्या भोवतीचं बारीक कापलेलं गवत. तिथे पोचलं की बॉल दणकून मारायचा नसतो, चपट्या तोंडाच्या काठीने ढकलून होलमध्ये घालायचा असतो.

यंदा विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. उमेदवार दोन. एक आमचे हे, दुसरे हिशेब खात्याचे, ज्यांना सगळे मुनीम म्हणतात. मुनीम कंपनीत आले तेव्हा त्यांना फाईल उलटी धरू नये इथपासून ह्यांनी शिकवलंय. आता ती जागा मुनिमांना गेली असती तर ह्यांना निवृत्त होईपर्यंत त्यांच्यासमोर उभं राहून "येऊ का आत?" म्हणावं लागलं असतं. ह्यांच्या वयाला पुन्हा अशी संधी येणार नव्हती. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त.

मुनीम आदल्या रविवारी साहेबांशी खेळून, हरून, हसतमुखाने घरी गेले होते. ह्या रविवारी आमची पाळी होती.

आता ह्या खेळातली एक रीत सांगायला हवी. बॉल होलच्या अगदी जवळ असला, की हा काय चुकणार, असं समजून समोरचा म्हणतो, "दिला." मग तो मारायचा नाही, नुसता उचलायचा, आणि गेला असं धरायचं. मोठ्या मनाची रीत आहे. फक्त हा शब्द समोरच्या खेळाडूनेच म्हणायचा, बघ्यांनी म्हणून चालत नाही. साहेब नुसते अधिकारी होते तेव्हा त्यांना लोक वीतभर अंतराचा देत. मग बढती झाली, हातभराचा देऊ लागले. साहेब मोठे साहेब झाले तेव्हापासून छत्रीच्या लांबीचा सुद्धा, "दिला, साहेब, उचला!" मुनीम तर असे भित्रे, की साहेबांचा बॉल ग्रीनला टेकला रे टेकला की देऊन मोकळे. अशा तऱ्हेने साहेबांनी कित्येक वर्षांत जवळचा एकही बॉल स्वतः घातला नव्हता. आणि त्यांचा हात फार हुकमी आहे, असं सगळे म्हणत. साहेबही म्हणत.

तर हे साहेब कुठल्याशा मोठ्या स्पर्धेला पाहुणे म्हणून गेले. तिथली ग्रीन्स म्हणे काचेसारखी होती, बॉलला बोट लावलं की सुटलाच. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, आपलीही तशीच पाहिजेत. माळ्यांनी गवत पार भादरलं, वर रोज रोलर फिरवला. झालं, आमच्या घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरली.

"अहो, ग्रीन गुळगुळीत झालं तर तुमचं काय बिघडलं?" मी विचारलं.

"अगं, दाट गवतावर हरणं सोपं असतं," हे म्हणाले. "जरा कमी ढकललं की बॉल आपोआप अलीकडे थांबतो. आता थांबतच नाही. एकतर आत जातो, नाहीतर पार पलीकडे. इतका पलीकडे गेला तर साहेबांना कळेल मी मुद्दाम करतोय. थोडक्यात चुकवायचा, तर आधी नेमका घालता आला पाहिजे."

म्हणजे हरण्यासाठी ह्यांना खेळ शिकावा लागणार होता. मी कपाळाला हात लावला.

मग आमच्या हॉलची फरशी कामाला लागली. ती गॅलरीच्या बाजूला जराशी उतरती आहे, हे इतकी वर्षं राहून आम्हाला माहीत नव्हतं. सोफा भिंतीला लागला, गालिचा गुंडाळला गेला आणि होलच्या जागी माझी वाटी आडवी पडली. हे रोज ऑफिसातून आले की शर्टाच्या बाह्या दुमडून ओणवे. काठी अगदी हलकी धरायची, पाखराचं पिल्लू धरल्यासारखी. उतारावर होलकडे नेम धरायचाच नाही. वरच्या अंगाला एक जागा हेरायची, तिथवर बॉल पोचवायचा, पुढे उतारच त्याला वळवून आणतो. बॉल जसा मंदावतो तसा जास्त वळतो. आणि पहिल्या फटक्यात नाही गेला तर तो होलच्या खालच्या अंगाला राहिला पाहिजे, म्हणजे पुढचा चढावर मारता येतो. वरून खाली मारायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"ह्या वयात गोट्या खेळतोय," सासूबाई म्हणायच्या आणि पाय वर घेऊन बसायच्या. पण काही दिवसांनी त्याच सांगायला लागल्या, "अरे, जरा वरून घे." मलाही उतार दिसायला लागला. भाजी चिरता चिरता मी सांगायची, हा जाणार, हा नाही. आणि ह्यांच्या चेहऱ्यावर असं काही तरी आलं होतं, जे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधी तरी बघितलं असेल. ते दिसायला चांगलं होतं, पण मला भीती वाटली. माणसाला एखादी गोष्ट आवडायला लागली की त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून आमचं ठरलं, हे फार चांगलं खेळायला लागले की मी खोकायचं.

रविवारी बायकामुलांसकट सगळे अधिकारी हजर. चहा होता, सँडविच होती, आणि टोपी घातलेले मुनीम होते, साहेबांच्या प्रत्येक फटक्याला मान डोलावणारे. मी दोनदा खोकले. दोन्ही वेळा ह्यांनी निमूटपणे ऐकलं. शेवटच्या होलपर्यंत दोघांची बरोबरी झाली, तीही ठरवल्याप्रमाणे, कारण साहेबांना थोडक्यात जिंकायला आवडतं.

आधी ह्यांची पाळी होती. ह्यांनी बॉल हलकेच सोडला. तो वरून वळत वळत आला, होलच्या ओठावर पोचला आणि गवताच्या एका काडीला टेकून थांबला. "अरेरे!" सगळे म्हणाले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिथे बसलेल्या कुणालाही तो फटका मारता आला नसता, आणि तो चुकलेला आहे अशी त्या सगळ्यांची खात्री होती.

आता साहेब. त्यांचा बॉल होलपासून छत्रीभर अंतरावर, पण वरच्या अंगाला, उतारावर. एवढा गेला की साहेब जिंकले. साहेब तर सवयीने वाकलेसुद्धा होते, हात बॉलपर्यंत गेला होता, फक्त शब्द यायचा बाकी होता.

शब्द आला नाही.

आमचे हे बॉलच्या मागे उकिडवे बसून उतार बघत होते. कुठून वळेल, किती वळेल. कंपनी, बढती, मुनीम, बायको, सगळं विसरून. माझ्या घशात खोकला तयार होता. पण खोटं कशाला बोलू, मलाही बघायचं होतं. हॉलमध्ये तसा एकही उतार नव्हता.

साहेब वाकलेले सरळ झाले. ह्यांच्याकडे बघितलं. मग काठी घेऊन उभे राहिले आणि दाराला धक्का द्यावा तसा बॉलला दिला. बॉल होलच्या शेजारून निघाला आणि बाजाराला निघालेल्या माणसासारखा सावकाश खाली, ग्रीनच्या बाहेर गेला. साहेबांनी तो खालून वर मारला. तो चढ चढला, विचार बदलला आणि साहेबांच्या बुटाशी परत आला.

"दिला, साहेब, दिला!" मुनीम खुर्चीवरून ओरडले. पण मुनिमांच्या देण्याला काय अर्थ. सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

"जरा डावीकडून घ्या, साहेब," हे म्हणाले. अगदी मायेने.

त्यानंतर साहेब किती वेळा वर-खाली झाले ते मी सांगत नाही. कुणाला बघवेना, आणि बघितल्यावाचून राहवेना. शेवटी बॉल पडला तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला ठरवता येईना. मग ह्यांनी काडीला टेकलेला आपला बॉल आत ढकलला आणि जिंकले. चोरी करताना सापडल्यासारखा ह्यांचा चेहरा झाला होता.

सगळे भराभर पांगले. गाड्यांजवळच्या बाकावर साहेब बूट बदलत बसले होते. आम्ही तोंड लपवून निघालो होतो, पण त्यांनी हाक मारली.

"सगळे म्हणायचे माझा हात चांगला आहे," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "इतकी वर्षं. खरं सांगा, होता का चांगला?"

एखाद्या फाईलबद्दल विचारल्यावर देतात तसं ह्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं.

"सांगता येत नाही, साहेब. कधी कुणी बघितलाच नाही."

साहेब एक बूट हातात धरून बसून राहिले. आम्ही निघालो.

गाडीत मी ह्यांना नको नको ते बोलले. एक शब्द, फक्त एक शब्द म्हणायचा होता. घर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "तू का नाही खोकलीस?"

जागा मुनिमांना मिळाली. त्यांच्या सहीचा पहिला हुकूम निघाला तो ग्रीनचं गवत वाढू देण्याचा. आमचे हे आता त्यांच्या दारात उभे राहून "येऊ का आत?" विचारतात, आणि त्याचा मला अजूनही त्रास होतो. साहेब त्यानंतर एकदाही हरलेले नाहीत. कुणी "दिला, साहेब" म्हटलं की पूर्वीसारखेच वाकतात, बॉल उचलतात. फक्त आमचे हे तिथे असले, तर त्यांच्याकडे बघत नाहीत.